एक नंबर कोणाचा?

आज घरी गेलात की एक छोटा प्रयोग करा. टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स चालू करा आणि रिमोटला हात लावू नका. पडद्यावर पहिलं जे चॅनल लागेल, ते नीट बघा. बहुतेक केबल बॉक्सवर हे चॅनल तुम्ही निवडलेलं नसतं आणि काल रात्री लावून ठेवलेलंही नसतं. ती जागा विकलेली असते. केबलच्या धंद्यात तिला ‘लँडिंग पेज’ म्हणतात. बॉक्स सुरू होताच जिथे गाडी आपोआप थांबते ते स्टेशन! आपल्या चॅनलवर ही गाडी थांबावी म्हणून वाहिन्या केबल कंपन्यांना पैसे मोजतात. रिमोट सोफ्याच्या फटीतून शोधून काढेपर्यंत तुमचा जो वेळ जातो, तोही कुणाच्या तरी प्रेक्षकसंख्येत जमा होऊ शकतो.

हे ऐकायला किरकोळ वाटतं ना? पण यावर बरीच कोर्टबाजी झालीय. टेलिकॉम आणि प्रसारणाचं नियमन करणाऱ्या ‘ट्राय’ने डिसेंबर २०१८ मध्ये आदेश काढला होता, की ज्या चॅनल्सचं रेटिंग मोजलं जातं ती लँडिंग पेजवर बसवू नका. मे २०१९ मध्ये ‘टीडीसॅट’ या लवादाने तो आदेश रद्द केला. त्यामुळे ती जागा विकणं आजही सुरू आहे.

‘आम्ही टीव्ही बघतच नाही’ असं तुमच्यातले निम्मे म्हणतील, आणि ते खरंही असेल. पैसे भरून डिश घेणाऱ्या घरांचा आकडा २०२० च्या सुमारास सात कोटींच्या आसपास होता, तो २०२५ मध्ये सहा कोटींच्या खाली आला. तरीही चॅनलच्या नंबराची ही गोष्ट तुमच्या पिढीने समजून घ्यायला हवी. कारण टीव्ही जुना झाला तरी टीव्हीसाठी हवेत राखून ठेवलेली जागा जुनी होत नाही. ती जागा आता रिकामी झालीय, तिचं पुढे काय करायचं यावर ओढाताण चाललीय आणि तिचं एक टोक थेट तुमच्या खिशातल्या फोनपर्यंत येतं.

सुरुवात नंबरापासूनच करू. जुन्या टीव्हीला गोल फिरवायची एक खुंटी असायची आणि तिच्यावर आकडे लिहिलेले असायचे. ते आकडे नुसती नावं नव्हती, त्या हवेतल्या ठरलेल्या जागा होत्या. आपल्याकडच्या पद्धतीत चॅनल ५ म्हणजे १७४ ते १८१ मेगाहर्ट्झ. बरोबर सात मेगाहर्ट्झचा प्लॉट, एक इंच इकडे नाही की तिकडे नाही. एका प्लॉटवर एकच घर. शेजारच्या दोन मनोऱ्यांना एकच चॅनल दिलं, तर मधल्या गावांत दोन्ही चित्रं एकमेकांवर चढणार. म्हणून कुठल्या गावाच्या मनोऱ्याला कुठला नंबर, याचा तक्ता आधी करावा लागायचा. एखाद्या मोठ्या वाड्यातल्या खोल्यांचं वाटप करावं तसं.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून ते पुण्यात दिसायला लागलं. तुमच्या आजी-आजोबांना विचारा, गच्चीवर चढून अँटेना फिरवणारा एक आणि खाली टीव्हीसमोर बसून ‘आलं, आलं... गेलं!’ ओरडणारा एक, ही जोडी घरोघरी होती. मुंग्या दिसायला लागल्या की अँटेनाची दिशा चुकलीय हे लहान पोरालाही कळायचं. अँटेना सिंहगडाकडे की वरळीकडे, यावरून घर कुठलं हे सांगता यायचं. म्हणजे चॅनलचा नंबर आणि पायाखालची जमीन एकमेकांना बांधलेली होती.

या बांधणीचा फायदा करून घेतला अमेरिकेने. तिथल्या ‘फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन’ने १९४८ मध्ये नव्या टीव्ही स्टेशनांचे परवाने चक्क थांबवले, चार वर्षं डोकं खाजवलं आणि १९५२ मध्ये शहरवार तक्ता जाहीर केला. अमुक गावाला हे हे चॅनल, तमुक गावाला ते ते. त्यातले २४२ नंबर शैक्षणिक वाहिन्यांसाठी राखून ठेवले, आणि तेही त्यासाठी मागायला फारसं कुणी दारात उभं नसताना. आज अमेरिकेत मध्यम शहरालाही स्वतःची बातमीपत्रं देणारी टीव्ही स्टेशन्स दिसतात, त्याचं मूळ या तक्त्यात आहे. लहरी आधी गावांना वाटल्या गेल्या, कंपन्या नंतर आल्या.

आपल्याकडे मनोरे भरपूर उभे राहिले. १९८० च्या दशकात तर ते झपाट्याने लागत गेले आणि पुढे दूरदर्शनच्या मनोऱ्यांची संख्या चौदाशेच्या घरात पोचली. तालुक्याच्या टेकडीवर लाल-पांढरा मनोरा ही ओळखीची खूण झाली. पण खरं सांगायचं तर त्यातले जवळपास सगळे मनोरे हे नुसते आरसे होते. दिल्ली-मुंबईहून आलेलं चित्र परत फेकायचं, एवढंच त्यांचं काम. मनोरा गावचा, पण गाव पडद्यावर नाही. आणि खासगी कुणाला अँटेनाने दिसणारं टीव्ही स्टेशन काढायची परवानगी आपल्या देशात कधीच मिळाली नाही. जमिनीवरून चित्र फेकण्याचा हक्क कायम सरकारी प्रसारकाकडेच राहिला.

मग गावाचं चॅनल आलं कुठून? आलं ते वायरमधून. नव्वदच्या दशकात केबलवाल्याने गच्चीवर छत्र्या लावल्या, झाडांवरून, खांबांवरून, कुणाच्या बाल्कनीच्या गजाला गुंडाळून काळी वायर ओढली आणि घरोघरी झी, स्टार पोचवलं. त्याच्या खोलीत प्रत्येक चॅनलसाठी एक मॉड्युलेटर असायचा. डबा साधाच, पण त्यात एक गंमत होती. एक जादा मॉड्युलेटर आणला, त्याला व्हिडिओ प्लेअर जोडला आणि रिकामी फ्रिक्वेन्सी पकडली, की झालं तुमचं स्वतःचं चॅनल! कुणाला विचारायला नको. ‘केबलवाल्याचं चॅनल’ म्हणून जे ओळखलं जायचं ते हेच. त्यावर दुपारी सिनेमा (कॉपीराइटचं नाव काढू नका), खाली सरकणाऱ्या पट्टीवर ‘चि. अमुकला वाढदिवसाच्या शुभेच्छा’, क्लासच्या जाहिराती, साडीच्या सेलच्या जाहिराती. पण त्याच चॅनलवर गणपतीची विसर्जन मिरवणूक थेट दिसायची, नगरपालिकेच्या सभेतला राडा दिसायचा, पाणी कुठल्या वॉर्डात येणार नाही हे कळायचं. कोल्हापूर, सांगली, नाशिक, सोलापूर अशा शहरांत यातूनच स्थानिक बातम्या देणारी केबल चॅनल्स उभी राहिली. आज मोठ्या वाहिन्यांवर दिसणाऱ्या कितीतरी जिल्हा प्रतिनिधींनी पहिला माइक तिथेच हातात धरला.

हे सगळं गोड गोड नव्हतं, बरं का. केबल ज्याची, त्याच्या मागे बहुतेक वेळा गल्लीतला नाहीतर शहरातला पुढारी असायचा. निवडणुकीत विरोधकाची बातमी दिसायची नाही. पुढाऱ्यांचं भांडण झालं की वायर कापली जायची. तरीही ‘आपल्या गावाचं’ म्हणावं असं काहीतरी तिथे होतं.

मुख्य अडचण होती ती जागेची. जुन्या पद्धतीच्या केबलमधून फार तर ऐंशी ते शंभर चॅनल्स जायची आणि देशात उपग्रह वाहिन्या शेकड्यांनी निघत होत्या. त्यात घराघरातले जुने टीव्ही संच वरच्या फ्रिक्वेन्सी पकडायचे नाहीत. म्हणजे वायरच्या सुरुवातीचे नंबर म्हणजे हायवेला लागून असलेला प्लॉट आणि शेवटचे नंबर म्हणजे डोंगरामागची जमीन. सुरुवातीच्या ‘प्राइम बँड’मध्ये जागा मिळावी म्हणून वाहिन्या केबल कंपन्यांना ‘कॅरेज फी’ मोजायला लागल्या. दुकानदाराने माल विकायला घ्यावा म्हणून कंपनीने त्यालाच भाडं द्यावं, असा हा उलटा व्यवहार.

यावर उतारा म्हणून डिजिटल आलं. २०११ मध्ये केबल कायद्यात दुरुस्ती झाली आणि टप्प्याटप्प्याने सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. मुंबई, दिल्लीसह चार महानगरांची आधी ठरलेली जून २०१२ ची मुदत हलून ३१ ऑक्टोबर २०१२ झाली. मग ३१ मार्च २०१३ ला पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर अशा शहरांची पाळी आली. उरलेल्या शहरी भागासाठी २०१५ ची अखेर ठरली आणि गावांची मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०१७ वर गेली. डिजिटलचं गणित सोपं आहे. चित्राचे आकडे करून ते दाबून बसवले, की जिथे एक चॅनल मावायचं तिथे दहा-पंधरा मावतात. एका प्लॉटवर घराऐवजी इमारत. जागेची टंचाई संपली, चित्र स्वच्छ झालं, मुंग्या गेल्या. किती घरांत केबल आहे याचा हिशेबही लागायला लागला. तोवर केबलवाला पाचशे घरांकडून पैसे घ्यायचा आणि वर शंभरच दाखवायचा, हे उघड गुपित होतं.

अमेरिकेतही हवेतलं प्रसारण १२ जून २००९ ला डिजिटल झालं. तिथल्या सरकारने जुन्या टीव्हीला जोडायचा डबा घेण्यासाठी मागेल त्या घराला ४० डॉलरची दोन कुपन्स दिली. कुपनांचे पैसे संपले म्हणून फेब्रुवारीत ठरलेली तारीख पुढे ढकलली! आपल्याकडे बॉक्सचे पैसे तुमच्या बाबांनीच भरले. ही आपली जाता जाता केलेली तक्रार.

पण एक गोष्ट मात्र गेली, आणि तिच्याबद्दल तेव्हा फारसं कुणी बोललं नाही. डिजिटलमध्ये चॅनल्स एकत्र बांधून, कुलूप लावून पाठवली जातात. ते बांधायचं यंत्र, म्हणजे हेडएंड, महागडं असतं. ते मोठ्या कंपनीकडे, ‘मल्टिसिस्टिम ऑपरेटर’कडे गेलं आणि अनेकदा दुसऱ्याच शहरात गेलं. गल्लीतल्या केबलवाल्याच्या हातात उरलं ते वायर दुरुस्त करणं आणि महिन्याचे पैसे गोळा करणं. त्याच्या खोलीतला तो जादा मॉड्युलेटर निरुपयोगी झाला. आता गावाच्या चॅनलला पडद्यावर यायचं तर वरच्या कंपनीच्या हेडएंडमधून यावं लागतं, तिने दिलेल्या नंबरवर, तिच्या अटींवर. जागा दहापट वाढली आणि गावाची खोली मात्र भाड्याची झाली.

सरकारने याची दखलच घेतली नाही असं नाही. केबल कंपन्या स्वतः चालवतात त्या चॅनल्सना ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस’ म्हणतात आणि त्यासाठी ३० नोव्हेंबर २०२२ ला मार्गदर्शक सूचना निघाल्या. एका चॅनलची नोंदणी फी फक्त १००० रुपये. एकूण चॅनल क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंतच अशी चॅनल्स चालवायची, हे प्रमाण राज्यवार मोजायचं आणि शिवाय प्रत्येक जिल्ह्यासाठी दोन जादा. स्थानिक बातम्या द्यायच्या असतील तर चालवणारी संस्था रीतसर कंपनी हवी. कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग ९० दिवस सांभाळून ठेवायचं. एका केबल कंपनीच्या चॅनलवरचा कार्यक्रम दुसऱ्या कंपनीला द्यायचा नाही, अपवाद मंदिर-गुरुद्वारांतल्या थेट दर्शनासारख्या प्रक्षेपणाचा. आणि ही सगळी चॅनल्स यादीत ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिसेस’ नावाच्या वेगळ्या गटात, एकाच ठिकाणी ठेवायची.

जिल्ह्यासाठी दोन जादा जागा, ही यातली चांगली तरतूद. नऊवारी कायद्यांच्या गर्दीत ‘जिल्हा’ हा शब्द कुणाला तरी आठवला, हेच खूप. पण बाकीच्या अटी नीट वाचा. हा परवाना चॅनलवाल्याचा नाही, केबल कंपनीचा आहे. तुम्ही चार मित्रांनी मिळून तालुक्याचं बातम्यांचं चॅनल काढायचं ठरवलंत, तर या चौकटीत तुम्हाला स्वतःची जागा नाही. आधी केबल कंपनीची मर्जी. बरं, शहरात दोन केबल कंपन्या असतील, तर एकीवर दिसणारा तुमचा कार्यक्रम दुसरीच्या ग्राहकाला दिसणार नाही. भजनाचं थेट प्रक्षेपण दोघींवर चालेल, नगरपालिकेच्या सभेचं नाही! आणि मराठी बातम्यांच्या रांगेत मोठ्या वाहिन्या एकीकडे, गावच्या बातम्या भलत्याच गटात दुसरीकडे. शोधणाऱ्याला सापडतील. पण टीव्ही बघणारा माणूस शोधत नसतो, तो चाळत असतो.

इथे परत नंबराकडे यावं लागतं. डिजिटलमध्ये चॅनलचा नंबर आणि हवेतली जागा यांचा संबंध तुटला. पडद्यावर दिसणारा आकडा ही फक्त पाटी. मागे कुठली फ्रिक्वेन्सी आहे हे बॉक्सला माहीत, तुम्हाला नाही. वाटेल की मग नंबराचं महत्त्व संपायला हवं होतं. झालं उलटंच. पाटीवरून अमेरिकेत एक खटला फार मजेशीर रंगला. नेवाडातल्या इली या आडगावातलं चॅनल ३ चं एक स्टेशन मालकांनी कायद्यातल्या एका तरतुदीचा आधार घेऊन थेट न्यू जर्सीत, न्यूयॉर्कच्या शेजारी हलवलं. त्यांना हवेत खरोखरच ३ नंबरची फ्रिक्वेन्सी मिळाली होती. पण पडद्यावर ‘३’ ही पाटी लावायला आयोगाने नकार दिला, कारण एका बाजूला फिलाडेल्फियाचं आणि दुसऱ्या बाजूला हार्टफर्डचं स्टेशन तो आकडा कित्येक वर्षं मिरवत होतं. नव्या स्टेशनाला ३३ ची पाटी मिळाली. खऱ्या ३ वर बसलेला माणूस स्वतःला ३ म्हणवून घेऊ शकत नाही! पुढे २०१७ च्या लिलावानंतर तिथल्या ९८७ स्टेशनांना फ्रिक्वेन्सी बदलून नव्या ठिकाणी जावं लागलं, हे काम जुलै २०२० पर्यंत चाललं. पडद्यावरचे नंबर मात्र तसेच राहिले. घर बदललं, पाटी तीच. कारण सवय पाटीची असते.

आपल्याकडे पाटी देतो केबल किंवा डिशवाला. ट्रायच्या २०१७ च्या नियमांनी त्याला थोडा लगाम घातलाय. एका प्रकारची चॅनल्स सलग ठेवायची, त्यातही एका भाषेची सलग ठेवायची, एक चॅनल एकाच जागी दाखवायचं आणि एकदा दिलेला नंबर किमान वर्षभर बदलायचा नाही. म्हणून हल्ली मराठी चॅनल्स एकत्र सापडतात. पण त्या रांगेत पहिलं कोण आणि शेवटचं कोण, हे नियम सांगत नाही. तो सौदा बंद दाराआड होतो. आणि रांगेच्याही आधी लँडिंग पेज आहेच.

सरकारची स्वतःची डिश, ‘डीडी फ्री डिश’, इथला व्यवहार तरी उघड आहे. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली ही सेवा, एकदा डिश घेतली की महिन्याचे पैसे नाहीत. चार कोटींहून जास्त घरांत ती आहे, असा या उद्योगाचा अंदाज. तिच्यावरच्या जागांचा प्रसार भारती लिलाव करते आणि त्यातून वर्षाला शेकडो कोटी रुपये येतात. लिलाव म्हटल्यावर जो जास्त पैसे देईल तो आत. त्यामुळे मोठे हिंदी नेटवर्क मनात येईल तेव्हा येतात आणि जातात. २०१९ मध्ये त्यांनी आपली फुकट चॅनल्स काढून घेतली, पुढे परत आणली, २०२२ मध्ये पुन्हा काढली. सोलापूर जिल्ह्याचं चॅनल या लिलावात उभं राहील, अशी कल्पनाही कुणी करत नाही. आणि राहिलं तरी उपयोग काय? ३६ हजार किलोमीटरवरच्या उपग्रहातून पडणारं चित्र कोकणात, काश्मीरमध्ये आणि केरळात सारखंच पडतं. एका जिल्ह्यासाठी सगळ्या देशावर पाऊस पाडायचा, हे परवडणारं नाही.

जिल्ह्यापुरतं चित्र फेकायचं तर मनोराच लागतो. आणि मनोरे आपण बंद केले. सुमारे ५० महत्त्वाची ठिकाणं सोडून बाकीचे जुने मनोरे ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद करायचं प्रसार भारतीने ठरवलं, त्यातून वर्षाला १०० कोटी रुपये वाचतील असंही सांगितलं. निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. अँटेनावर दूरदर्शन बघणारं उरलं होतं कोण? फ्री डिशवर शंभरावर चॅनल्स फुकट मिळताना एका-दोन चॅनलसाठी गच्चीवर कोण चढणार? पण या मनोऱ्यांना डिजिटल करायचा प्रयोगही अर्धवट राहिला. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबई आणि तेव्हाचं औरंगाबाद धरून १६ शहरांत दूरदर्शनचं डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं, फोनला छोटा डाँगल जोडून ते दिसायचं. तुमच्यापैकी कुणी तो डाँगल बघितलाय? मीही नाही. जानेवारी २०१७ मध्ये ट्रायने सुचवलं, की या डिजिटल मनोऱ्यांच्या धंद्यात खासगी वाहिन्यांनाही येऊ द्या. ती शिफारस कागदावरच राहिली. गावाला हवेत स्वतःची जागा मिळण्याची ती एक संधी होती.

आता ती जागा रिकामी आहे आणि तिच्यावर मोबाइल कंपन्यांचा डोळा आहे. टीव्हीच्या लहरी लांब जातात, भिंतीतून आरपार जातात, म्हणून त्या मोबाइललाही सोन्यासारख्या. जगभर टीव्हीकडून काढून मोबाइलला दिलेल्या अशाच ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जिओने २०२२ च्या लिलावात देशभरासाठी जागा घेतली, त्यासाठी ३९,२७० कोटी रुपये मोजले. तुमच्या फाइव्ह-जीचा काही भाग तिथूनच चालतो. खाली उरलेल्या पट्ट्यातला ५२६ ते ५८२ मेगाहर्ट्झचा तुकडा मात्र प्रसारणाकडेच ठेवून त्यावरून ‘डायरेक्ट टू मोबाइल’ चालवायचा, असा माहिती-प्रसारण मंत्रालयाचा विचार आहे. म्हणजे मनोऱ्यावरून चित्र थेट फोनवर. इंटरनेट नको, सिम नको, डेटा खर्च नाही. आयआयटी कानपूर, प्रसार भारती आणि बेंगळुरूची सांख्य लॅब्स यांनी त्याच्या चाचण्या केल्या. १९ शहरांत मोठी चाचणी घेऊ, असं जानेवारी २०२४ मध्ये सरकारने सांगितलं. २०२५ मध्ये असे फोन आणायची घोषणाही एक-दोन कंपन्यांनी केली. यासाठी फोनमध्ये वेगळी चिप लागते, म्हणून बडे फोन उत्पादक नाराज आहेत. आणि डेटा न वापरता लोक क्रिकेट बघणार म्हटल्यावर मोबाइल कंपन्या का खूश होतील?

या सगळ्या चर्चेत क्रिकेट आहे, ओटीटी आहे, आपत्तीचे इशारे आहेत. जिल्हा कुठेच नाही. एखादा मनोरा पन्नास-साठ किलोमीटरचा परिसर व्यापतो, म्हणजे स्वभावाने तो जिल्ह्याचाच आहे. त्याच्यावरून जाणाऱ्या दहा-पंधरा चॅनल्सपैकी एक जागा त्या परिसरासाठी राखून ठेवा, असं म्हणायची वेळ आत्ता आहे. चिप तयार होऊन, कंपन्यांचे करार होऊन, नंबर वाटले गेले की मग जागा मागून मिळत नाही. केबलच्या वेळी हेच झालं.

हवंय कशाला पण? यूट्यूब आहे, इन्स्टा आहे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत. मान्य. स्थानिक बातम्या देणारे बरेच जण आज तिथेच गेलेत आणि काही जण केबलच्या दिवसांपेक्षा मोकळेपणाने बोलतात. पण तिथे नंबरच नाही. तुम्ही काल काय बघितलं यावरून आज काय दिसणार ते ठरतं. आणि सगळं चालतं ते मोबाइल नेटवर्कवर. ऑगस्ट २०१९ आठवा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. अशा रात्री सांगलीकराला एकच आकडा हवा असतो, आयर्विनला किती? कोल्हापूरकराला राजाराम बंधाऱ्याचा. वीज गेली की टीव्ही, केबल, वायफाय सगळंच बंद. हातात उरतो चार्ज संपत आलेला फोन आणि एकाच टॉवरवर तुटून पडलेलं सगळं शहर. मनोऱ्यावरून येणारं प्रक्षेपण एकाने बघितलं काय आणि लाखाने बघितलं काय, त्याला गर्दी होत नाही. मनोऱ्याला जनरेटर असला की पुरे. मात्र त्यावर आयर्विनचा आकडा सांगणारं कुणीतरी हवं. देशभर एकच चित्र दाखवणाऱ्या वाहिनीवर तो आकडा येईल तेव्हा पाणी दुसऱ्या मजल्यावर असेल.

लहरी कुणाच्या, याचं उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ ला दिलेलं आहे, आणि तेही क्रिकेटच्याच भांडणात. १९९३ च्या हिरो कपचं प्रक्षेपण कुणी करायचं, यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार कोर्टात गेले. न्यायालयाने सांगितलं, की लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांचा वापर लोकांच्या हितासाठी व्हायला हवा. तीस वर्षांत या निकालाचा दाखला लिलावाच्या वेळी भरपूर दिला गेला. तालुक्यातल्या कुणाला चॅनल मिळावं म्हणून तो फारसा कुणी दिला नाही.

ट्राय अशा विषयांवर सल्लामसलतीचे कागद काढते आणि कुणाकडूनही लेखी मतं मागवते. कंपन्यांचे वकील पन्नास-पन्नास पानं पाठवतात. एखाद्या कॉलेजच्या मास कॉमच्या वर्गाने जिल्ह्याच्या जागेबद्दल दोन पानं पाठवली, तर तीही ट्रायच्या वेबसाइटवर त्याच यादीत लागतील. आणि तोवर घरातल्या बॉक्सवर पहिलं कुठलं चॅनल लागतं, ते एकदा लिहून ठेवा. महिन्याभराने परत बघा.